कॉन्ट्रॅक्ट मधेच मोडलं तर फ्रीलान्सरला काय मिळतं, आणि ते कुठून आलं

वर्षाचं अग्रीमेंट असतं, चौथ्या महिन्यात मेल येतो की उद्यापासून तुमची सर्व्हिस नको, आणि नोकरी नसून "कन्सल्टंट" म्हणून सही केलेली असल्यामुळे माणूस धरूनच चालतो की आपल्या हातात काही नाही. आहे, पण उरलेल्या आठ महिन्यांचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत, आणि असं का ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

1831 साली लंडनमधे प्लांशे नावाच्या लेखकाला एका प्रकाशकाने 100 पौंडात पुस्तक लिहायला दिलं होतं. त्याने बरंचसं लिहिलं आणि प्रकाशकाने मालिकाच बंद केली, वर म्हणे पुस्तक पुरं कुठे झालंय. कोर्टाने झालेल्या कामाचे पैसे द्यायला लावले. मग 1853 ची हॉक्स्टरची केस. हा माणूस श्रीमंतांच्या युरोप प्रवासाची व्यवस्था बघायचा, 1 जून 1852 पासून तीन महिने, महिना 10 पौंड असं ठरलेलं, आणि 11 मे ला समोरच्याने कळवलं की नको. हॉक्स्टरने 22 मे लाच दावा टाकला. समोरचा म्हणाला, अजून 1 जून उजाडलाच नाही, करार मोडला कुठे? कोर्टाचं म्हणणं पडलं की स्पष्ट नकार आला की लगेच दावा करता येतो, तारखेची वाट बघत रिकामं बसायची गरज नाही, दुसरं काम शोधायला तो मोकळा.

आपल्याकडे मात्र तेव्हा उलटी गंगा होती. 1859 चा कायदा असा की अ‍ॅडव्हान्स घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने काम अर्धवट सोडलं आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूमही मानला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईसाठी तो आधी आणला, आणि रद्द करायचा कायदा यायला 1925 उजाडलं. काम देणाऱ्याने हात वर केले तर त्याला जेल नव्हती, हे वाचून आजही राग येतो.

1872 च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टमधे इंग्रजी कोर्टातली ही तत्त्वं आली: सेक्शन 39 म्हणजे समोरच्याने काम करून घ्यायलाच नकार दिला तर करार संपवायचा हक्क, 73 म्हणजे नुकसानभरपाई, 70 म्हणजे फुकट करायचं नव्हतं आणि समोरच्याने फायदा घेतला अशा कामाचा मोबदला. पण 73 मधेच हेही आहे की नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं ते कोर्ट बघणार, म्हणजे पुढच्याच महिन्यात दुसरा क्लायंट मिळाला तर तेवढी रक्कम वजा.

कामगार कायद्याचा दरवाजा उघडतो तो 1956 च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्स केसमुळे. सौराष्ट्रातले अगरिये मिठागरात आपापल्या पट्ट्यावर राबायचे, मणावर पैसे, कामाचे तास नाहीत, मदतीला स्वतःची माणसं आणायची मुभा, कंपनी म्हणे हे स्वतंत्र कंत्राटदार. सुप्रीम कोर्टाने बघितलं की काम कसं करायचं यावर ताबा कोणाचा, आणि त्यांना कामगार ठरवलं. तेव्हा अग्रीमेंटवर काय नाव लिहिलंय तेवढ्यावर जाऊ नका.

आता ती आठ महिन्यांची गोष्ट. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस, 1991 च्या रिपोर्टमधली केस. डिस्ट्रिब्युटरशिप 30 दिवसांच्या नोटिशीवर संपवता येईल असं करारात होतं, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा करार पुन्हा चालू करायला लावता येत नाही, टर्मिनेशन चुकीचं असलं तरी भरपाई त्या 30 दिवसांचीच. फ्रीलान्सरच्या अग्रीमेंटमधे नेमका हाच क्लॉज असतो, बहुतेक जण रेट बघतात आणि तो सोडून देतात, माझ्या मते सगळ्यात महागात पडतो तो हाच. एकतर्फी जाचक अटींवर वेगळा कायदा करा असं लॉ कमिशनने 1984 ला आणि परत 2006 ला सांगितलं, तसा कायदा काही झाला नाही.

झालेल्या कामाचं बिल अडकलं असेल तर 2006 चा एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा कायदा खरंच कामाचा आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी असेल तर लेखी ठरवूनही 45 दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत, नंतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रार याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे. रजिस्ट्रेशन काम घ्यायच्या आधीचं हवं, नंतर काढलेल्यावर वाद होतात. बाकी साध्या दाव्याला करार मोडल्यापासून तीन वर्षं असतात, त्यामुळे मेल, इनव्हॉइस, "अप्रूव्ड" लिहिलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळं जपून ठेवा आणि आधी वकिलाकडून नोटीस पाठवा.