नॉनस्टिक तवा घासण्यापेक्षा आचेने लवकर खराब होतो

नॉनस्टिक तव्यावरचा थर जेमतेम २५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे कागदाहूनही पातळ असतो. तो पीटीएफई या प्लास्टिकचा. आपण त्याला टेफ्लॉन म्हणतो. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत तो योगायोगाने सापडला. त्यातल्या कार्बनच्या साखळीला फ्लोरिनच्या अणूंनी असे घट्ट वेढलेले असते की पीठ, अंडे, तेल, कशालाच धरायला जागा मिळत नाही. मग हा थर ॲल्युमिनिअमला तरी कसा धरून राहतो? कारखान्यात धातूवर बारीक कणांचा मारा करून तो खरबरीत करतात, आणि खालचा थर त्या खाचाखोचांत रुतून बसतो. ही पकड सैल झाली की पोपडे सुटतात.

ती सैल करण्यात सर्वांत मोठा हात रिकाम्या तव्याचा. पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, त्यापुढे हळूहळू बिघडते आणि ३५० च्या वर वेगाने विघटित होते. ७०० ग्रॅमचा ॲल्युमिनिअमचा तवा ३० वरून २६० अंशांवर न्यायला सुमारे १४५ किलोज्यूल उष्णता लागते. मोठ्या बर्नरवरून तव्यात सेकंदाला एक किलोज्यूल जरी शिरली, तरी हे काम अडीच मिनिटांत उरकते. थोडी उष्णता हवेत जाते हे धरले तरी तवा गॅसवर ठेवून पीठ कालवायला घेतले तर तेवढा वेळ सहज जातो. तव्यावर ओले पीठ किंवा भाजी असेल, तर त्यातले पाणी वाफ होताना उष्णता घेते आणि तापमान आटोक्यात राहते.

तवा तापला का हे बघायला आपण पाण्याचा थेंब टाकतो. लोखंडी तव्यावर ते ठीक आहे. इथे मात्र थेंब गार तव्यावरही गोळा होऊन घरंगळतो, त्यामुळे फसगत होते. त्यापेक्षा आधीच अर्धा चमचा तेल लावावे आणि आच मध्यम ठेवावी. तेल पातळ होऊन चमकत पसरले की पहिले धिरडे घालावे. धूर दिसला तर आच जास्त झाली. घाण्याचे शेंगदाणा तेल १६० अंशांच्या आसपास, तर रिफाइंड तेल २३० च्या आसपास धुरावते, म्हणजे थर बिघडायच्या आधीच इशारा मिळतो.

याच कारणाने भाकरी, फुलके, दाणे भाजणे, मसाला परतणे, ही कोरडी कामे लोखंडी तव्यावरच करावीत. नॉनस्टिक तवा आंबोळी, घावन, धिरडे, ऑम्लेट यांच्यासाठी राखून ठेवावा. थालीपीठही चालेल, पण तव्यावरच उलथन्याच्या धारेने त्याचे तुकडे करू नयेत; लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथने वापरावे.

तापलेला तवा नळाखाली धरणे हीसुद्धा वाईट सवय. पीटीएफई ॲल्युमिनिअमच्या जवळपास पाचपट प्रसरण-आकुंचन पावते. एकदम गार केले की थर आणि धातू यांच्यात ताण येतो, बूडही वाकते. मग तेल एका कडेला साचते आणि मधला भाग कोरडाच तापतो. तवा आपोआप कोमट होऊ द्यावा, मग साधा साबण आणि मऊ स्पंज. हिरव्या घासणीत कठीण खनिजाचे कण असतात. ती, तारेची घासणी आणि राख दूर ठेवावी.

तवा जुना झाला की ‘कोटिंग गेले’ म्हणतात, पण पुष्कळदा थर शाबूत असतो आणि त्यावर जळक्या तेलाचा तपकिरी, चिकट पापुद्रा बसलेला असतो. कपभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून तव्यात दहा मिनिटे मंद उकळावे, कोमट झाल्यावर स्पंजने पुसावे. एकदा नाही निघाला तर पुन्हा करावे. धुऊन, कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे. कपाटात भांड्यांची चळत लावताना मध्ये सुती फडके घालावे.

खाली चकचकीत ॲल्युमिनिअम दिसू लागले की मात्र तवा बदलावा. चिंच, कोकम, मीठ उघड्या धातूला खातात आणि आजूबाजूचा थरही आतून उचलला जातो. पोटात गेलेले थराचे कण पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. काळजी घ्यायची ती अतितापलेल्या थराच्या धुराची. त्याने माणसाला तापासारखी लक्षणे होतात आणि पोपट, लव्हबर्डसारखे पाळीव पक्षी तर काही मिनिटांत दगावू शकतात. घरात पिंजरा असेल तर तो स्वयंपाकघरात ठेवू नये. तवा चुकून रिकामा तापून धूर निघालाच, तर गॅस बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि तवा जागचा हलवू नये.