नवजात बाळाच्या पोटाचे तातडीचे जन्मदोष (बेळगाव सीमाभाग)

जन्मतःच आतडी पोटाबाहेर असणं, किंवा आत असूनही पिळलेली नाहीतर कुठेतरी बंद असणं, हे ते दोष. क्वचित दिसतात, पण दिसले की लहान मुलांचा सर्जन तातडीने लागतो, आणि तो खानापूर-चिकोडीकडच्या दवाखान्यात सहसा नसतो, बाळाला बेळगावला न्यावं लागतं, निपाणीकडचे लोक कोल्हापूरही गाठतात. म्हणून जन्मल्यापासून सर्जनच्या टेबलापर्यंतच्या वेळात काय होतं याला इथे फार महत्त्व आहे.

गॅस्ट्रोस्किसिसमध्ये बेंबीच्या शेजारी, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, छोटं भोक असतं आणि त्यातून आतडी उघडीच बाहेर येतात, वर कसलंही आवरण नसतं. ओम्फॅलोसीलमध्ये ती बेंबीतूनच येतात पण पातळ पिशवीत झाकलेली असतात, कधीकधी लिव्हरही त्यात असतं. दिसायला दुसरं बरं वाटतं पण त्याच्यासोबत हृदयाचे आणि क्रोमोसोमचे दोष जास्त सापडतात, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतातच. पहिल्यात धोका वेगळा, उघड्या आतड्यांतून अंगातलं पाणी आणि ऊब भराभर जाते. सुका कापूस, हळद, तेल काही लावायचं नाही, छातीपासून खालचं अंग स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यायचं, बाळाला उजव्या कुशीवर ठेवायचं म्हणजे आतड्यांचा रक्तपुरवठा दाबला जात नाही, नाकातून पोटात नळी, सलाईन, आणि तोंडाने काही नाही. आतडी एकदम आत बसत नसतील तर सर्जन ती सायलो नावाच्या पिशवीत टांगून ठेवतात आणि रोज थोडी थोडी आत सरकवतात.

खरी फसगत मालरोटेशनमध्ये होते, म्हणजे गर्भात आतडी नीट वळून आपल्या जागी बसलेली नसतात तेव्हा. बाळ जन्मतः छान दिसतं, दूध पितं, आणि मग हिरवी उलटी करतं. पोट सुरवातीला मऊच असतं त्यामुळे घरचे म्हणतात दूध बाधलं, गुटी द्या, पाचवी होऊ दे मग बघू. पण हिरवं म्हणजे पित्त, आणि आतड्याला पीळ पडला असेल तर रक्तपुरवठा तुटून काही तासांत आतडं काळं पडतं. वेळेत पोचलं तर लॅड यांच्या पद्धतीचं ऑपरेशन होतं, सर्जन आतडं घड्याळाच्या उलट्या दिशेने सोडवतो, गरम ओल्या कपड्यात गुंडाळून थांबतो आणि काळपट रंग परत गुलाबी होतो का ते बघतो. गुलाबी झालं तर आतडं वाचलं. शीची जागाच नसणं हा दोष मात्र जन्मल्याबरोबर नीट बघितलं तर लगेच कळतो, पण घाईत ते बघायचंच राहून जातं.

आईला बोल लावतात त्याचंही इथेच सांगायला हवं. ग्रहणात विळी धरली, पपई खाल्ली असलं काही नसतं. गर्भाची आतडी पहिल्या तीन महिन्यांतच नाळेत जाऊन परत पोटात येतात, पोटाची भिंतही तेव्हाच तयार होते, त्यात कुठे चुकलं की हे दोष राहतात. पाचव्या महिन्याच्या स्कॅनिंगमध्ये बाहेर आलेली आतडी बहुतेक वेळा दिसतात, तेव्हा बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच ठरवावं.

घरी किंवा लहान दवाखान्यात कळलं तर १०८ ला फोन, बाळ उबदार, आणि सोबत चिठ्ठीत जन्माची वेळ, वजन, कधी हिरवी उलटी झाली ते. आईला टाके असल्यामुळे ती बऱ्याचदा मागे राहते, बाप नाहीतर आजी जाते, तर आईच्या रक्ताच्या नमुन्याची बाटली लेबल लावून सोबत द्यावी, बाळाला रक्त लागलं तर जुळवायला ती मागतात.