व्वा व्हेर्त की व्हेलोरूत? फ्रान्समधे ग्रॅव्हल सायकल न्यायच्या आधी हा फरक समजून घ्या

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल सायकल (खडीच्या, कच्च्या वाटांवर चालणारी जाड टायरची सायकल) चालवायची म्हणून रूट शोधायला बसलं की दोन शब्द सारखे समोर येतात, व्वा व्हेर्त आणि व्हेलोरूत. पहिल्याचा उच्चार आपल्या 'व्वा' सारखाच. बहुतेक जण दोन्हीचा अर्थ "सायकलचा रस्ता" असा लावतात, मीपण तोच लावला होता. पहिल्या ट्रिपला एका व्हेलोरूतचा ट्रॅक डाउनलोड केला, सगळं कच्च्या वाटेवरूनच असणार असं धरून ४५ एमएमचे नॉबी, म्हणजे गुठळ्यागुठळ्यांचे टायर चढवले आणि पहिले दोन दिवस डांबरावर टायरची घरघर ऐकत गेलो, वाईट वाटलं, कारण शंभर किलोमीटरवर हवी तशी वाट होती आणि मला ते माहीतच नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

व्वा व्हेर्त म्हणजे शब्दशः हिरवी वाट. फ्रान्सच्या वाहतुकीच्या नियमांत २००४ पासून तिची व्याख्या आहे, इंजिनवाली गाडी नाही, फक्त पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार. जिथे सुरू होते तिथे निळी चौकोनी पाटी असते. म्हणजे हा शब्द त्या जमिनीच्या पट्ट्याबद्दल बोलतो, इथे कोण येऊ शकतं आणि कोण नाही एवढंच. ती दोन किलोमीटरची असेल किंवा ऐंशी, एखाद्या शेतापाशी अचानक संपेल, तरी ती व्वा व्हेर्तच.

व्हेलोरूत म्हणजे मार्ग. इथून निघून तिथे पोचायचा, नाव दिलेला, कधी नंबर दिलेला, पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग, आणि त्याच्या वाटेत काय काय येतं ते प्रत्येक तुकड्याला वेगळं. आपल्याकडे पालखीमार्ग म्हटलं की त्यात मोठा रस्ता येतो, घाट येतो, गावातली गल्ली येते, तरी मार्ग एकच असतो ना, तसंच. व्हेलोरूत थोडा वेळ व्वा व्हेर्तवरून जाईल, मग कमी ट्रॅफिकच्या गावरस्त्यावर उतरेल, शहरात शिरताना सायकल लेनमधून जाईल. पाट्या पांढऱ्या-हिरव्या, त्यावर सायकलचं चित्र, आणि मार्ग युरोपीय जाळ्यातला असेल तर निळ्या चौकोनात पिवळ्या चांदण्या आणि नंबर. ल्वार नदीकाठचा साधारण ९०० किलोमीटरचा ल्वार आ व्हेलो हा सगळ्यात प्रसिद्ध, त्याचा बराचसा भाग त्या युरोपीय जाळ्यातल्या युरोव्हेलो ६ मधे येतो. सुंदर आहे, किल्ले आहेत, द्राक्षमळे आहेत, पण त्यात शांत डांबरी रस्ते भरपूर आहेत.

आता मुख्य मुद्दा. या दोन्ही शब्दांपैकी एकही तुम्हाला चाकाखाली काय आहे ते सांगत नाही. व्वा व्हेर्त म्हणजे गाड्या नाहीत, म्हणून ती कच्ची असणार असं आपल्याला उगाच वाटतं. बर्गंडीतल्या झिव्री ते क्लुनी या जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मधे फ्रान्सची पहिली व्वा व्हेर्त झाली, साधारण ४४ किलोमीटर, आणि ती चक्क डांबरी आहे. बोर्दोजवळची १९३७ चा तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोझे लापेबीच्या नावाची वाटपण डांबरीच. लहान मुलांसोबत, रोडबाइकवर, अगदी स्केट्सवर जायला उत्तम, पण ग्रॅव्हल सायकल तिथे नेण्यात काही विशेष नाही.

त्यामुळे शोधायचे शब्द वेगळेच आहेत. नकाशावर किंवा मार्गाच्या माहितीत 'स्ताबिलिझे' लिहिलेलं असेल तर आपलं काम झालं, म्हणजे बारीक खडी आणि तिचीच भुकटी पसरून रोलरने दाबलेली वाट, आपल्याकडच्या चांगल्या दाबलेल्या मुरमाच्या रस्त्यासारखी, फक्त रंग बऱ्याचदा पांढरट नाहीतर पिवळसर. 'आँरोबे' लिहिलं असेल तर डांबर. कोरड्यात स्ताबिलिझेवर ३५-४० एमएम टायर मस्त पळतो, पावसानंतर मात्र त्या भुकटीची पेस्ट होते आणि चेनमधे, ब्रेकमधे जाऊन बसते, संध्याकाळी सायकल धुतल्याशिवाय झोपू नका, खरंच सांगतोय.

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर कॅनाल द्यु मिदीवर जा. हा कालवा प्येर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ मधे बांधला, तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या 'तो' (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्याच्या काठाने जाणारा व्हेलोरूत आहे कॅनाल दे दो मेर आ व्हेलो, रुआयांपासून सेतपर्यंत साधारण ७५० किलोमीटर. नाव एक, पाट्या एक, पण जमीन बघा कशी बदलते. तुलूझच्या पश्चिमेला कॅनाल द गारोन या दुसऱ्या कालव्याच्या काठची वाट गुळगुळीत डांबरी. तुलूझच्या पूर्वेलाही जवळपास ५० किलोमीटर डांबर. मग नोरूझजवळ, जिथून पाणी एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे वाटलं जातं, तिथे जिल्हा बदलतो आणि डांबर संपतं. पुढे कुठे नीट दाबलेली खडी, कुठे नुसती माती, आणि कुठे हँडलबारएवढी रुंद पायवाट, तिच्यात प्लेन नावाच्या (चिनारच्या कुळातल्या) झाडांची मुळं वर आलेली, एका बाजूला पाणी. ग्रॅव्हलवाल्याची खरी मजा इथे, आणि पातळ टायर घेऊन आलेल्या टूरिंगवाल्यांचे हाल पण इथेच. व्हेलोरूत तोच, पण काठावरची ही प्रत्येक पायवाट काही व्वा व्हेर्त नाही. अजून एक, २००६ मधे या झाडांना बुरशीचा रोग सापडला आणि हजारो झाडं तोडावी लागली, त्यामुळे जुन्या फोटोंतली गर्द सावली काही पट्ट्यांत आता नाही, नवीन झाडं लावतायत पण ती लहान आहेत, जुलै-ऑगस्टमधे पाणी जास्त ठेवा.

याउलट नुसती व्वा व्हेर्त हवी असेल तर माझं सगळ्यात आवडतं नाव पासा पाइस. वरच्या लाँगदॉकच्या डोंगरांत बेदारियो ते माझामे, साधारण ८० किलोमीटर, जुनी रेल्वे, बहुतेक सगळी स्ताबिलिझे. ओलार्गला आयफेलच्या नावाने ओळखला जाणारा लोखंडी पूल, बोगदे, चेस्टनटची झाडं, आणि दोन्ही बाजूला डोंगर असून चढ जाणवत नाही, कारण रेल्वेला तीव्र चढ चालतच नाही. फ्रान्समधे अशा वाटा इतक्या का, तर १८७९ च्या सुमारास तेव्हाचे मंत्री फ्रेसिने यांच्या योजनेतून गावोगावी छोट्या रेल्वेलाइनी टाकल्या गेल्या, मग मोटारी आल्या, लाइनी बंद पडल्या, रूळ निघाले आणि खडीचा पट्टा राहिला.

पण रेल्वेच्या व्वा व्हेर्तचं एक आहे, ती सरळ आणि एकसारखी जाते. तीन तासांनंतर मला तरी कंटाळा येतो, स्टेशन गावाबाहेर असल्यामुळे बेकरी आणि पाणी हुकतं, आणि प्रत्येक रस्ता ओलांडताना लावलेल्या अडथळ्यांतून बॅगा लावलेली सायकल वाकडी करून काढावी लागते. वीकेंडला चालणारे, मुलं, कुत्री असतात, त्यांचा हक्क तुमच्याइतकाच, घंटी वाजवून हळू जायचं. व्हेलोरूत मात्र मुद्दाम गावातून नेतात, चर्चसमोर नळ सापडतो, पण मधेच चांगला खडा चढ येऊ शकतो आणि ट्रॅक्टरही. आणखी एक काळजी बोगद्यांची. क्लुनीच्या दक्षिणेचा ब्वा क्लेरचा बोगदा १.६ किलोमीटर लांब आहे आणि हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद असतो, तेव्हा वरच्या खिंडीतून जावं लागतं.

आपल्याकडचे बरेच रँडोनर (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणारे सायकलस्वार) दर चार वर्षांनी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या राइडला जातात, १२०० किलोमीटर, ९० तास, २०१९ आणि २०२३ ला सुरुवात राँबुयेला होती. वाटेतलं मोर्तान्य-ओ-पेर्श हे गाव त्यांना चांगलं आठवत असेल, बहुतेकांना अर्धवट झोपेत. त्याच भागातून काँदे-स्युर-विन ते आलाँसाँ अशी सुमारे ६७ किलोमीटरची रेल्वेची व्वा व्हेर्त आहे, स्ताबिलिझे, आणि ती व्हेलोसेनी या पॅरिस ते माँ-सँ-मिशेल व्हेलोरूतचा एक तुकडा आहे, हा व्हेलोरूत राँबुयेवरूनच जातो. राइड झाल्यावर तीन-चार दिवस विश्रांती घ्या आणि ३८ एमएम टायर लावून याच वाटेने निघा. शार्त्रपर्यंत बहुतेक डांबरी गावरस्ते, काँदेपासून आलाँसाँपर्यंत खडी, पुढे दाँफ्राँला पोचलात की तिथे व्हेलो फ्रांसेत नावाचा दुसरा व्हेलोरूत छेदतो, सरळ माँ-सँ-मिशेलला न जाता तिथून दक्षिणेला वळा, आधी जुनी रेल्वे आणि मग मायेन नदीकाठची जुनी नावा ओढायची वाट, सपाट, नावा वर-खाली करायचे लॉक एकामागून एक, बगळे. लाव्हालला स्टेशन आहे, तिथून पॅरिसची ट्रेन मिळते, फक्त तेजेव्हे (TGV) या वेगवान ट्रेनमधे सायकलची जागा आधी बुक करा.