कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चिठ्ठीवरच्या औषधांसोबत कशा घ्याव्यात?

"थायरॉइडची गोळी रोज घेते, तरी टीएसएच खाली येत नाही. दुसऱ्या कंपनीची द्या." आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर ही मागणी वारंवार येते. (टीएसएच म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा; थायरॉइड कमी पडलं की तो वाढतो.) कंपनी बदलण्याआधी आम्ही विचारतो, सोबत आणखी काय घेता? बहुतेकदा उत्तर येतं, "सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदमच."

गडबड तिथेच होते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक पोटात काही औषधांना धरून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. कॅल्शियम किंवा लोह त्यानंतर किमान ४ तासांनी. कॅल्शियम कार्बोनेट तर जेवणासोबतच चांगलं लागू पडतं, म्हणून ते दुपारी घेतलेलं बरं. अंतर न ठेवता थायरॉइडचा डोस वाढवून घेतला आणि पुढे कॅल्शियम थांबलं, तर तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड सुरू होऊ शकते. वेळा बदलल्यात तर डॉक्टरांना सांगा. ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावं लागतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी खनिजांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकलाही अंतर लागतंच.

"ते औषध नाही हो, नुसतं टॉनिक आहे," म्हणून मल्टिव्हिटॅमिन आणि अ‍ॅसिडिटीची औषधं सांगायची राहतात. पट्टीची मागची बाजू वाचा. फेरस (म्हणजे लोह), झिंक, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम यांतलं काही दिसलं, तर तीही यातच धरा.

पोटॅशियमचं मात्र अंतर ठेवून भागत नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब-हृदयविकारावरची औषधं शरीरातलं पोटॅशियम मुळातच वाढवतात. त्यात पूरक गोळी किंवा पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियमचं' मीठ आलं, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पोटॅशियम आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. कुणी नाराज झालं तरी हा नियम मोडत नाही.

आमच्या प्रश्नांमुळे दोन मिनिटं जास्त जातात, याची कल्पना आहे. पण नेमकी हीच माहिती चिठ्ठीवर नसते. पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. प्रत्येकीची वेळ पाकिटावर लिहून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. गोळ्यांची डबी हवी असेल तर चार कप्प्यांची घ्या. तीन कप्प्यांच्या डबीत उठल्याउठल्या घ्यायची गोळी नाश्त्यानंतरच्या गोळ्यांतच पडते, म्हणून आम्ही ती ठेवतच नाही.