वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: पावणेतीन किलोमीटरांचं उड्डाण

विमानप्रवासाला किती वेळ लागेल, हे काढायचं एक झटपट सूत्र इंटरनेटवर सर्रास वापरलं जातं. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. मुंबई-दिल्लीला हे बऱ्यापैकी जमतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर मात्र ते पार तोंडघशी पडतं.

वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या तिथल्या दोन शेजारी बेटांच्या धावपट्ट्यांमधलं अंतर आहे साधारण २.७ किलोमीटर. मुंबईची मुख्य धावपट्टीच जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे! सूत्राच्या हिशेबाने या प्रवासाला अर्धा तास आणि वर १२ सेकंद लागायला हवेत. वेळापत्रकात असतात २ मिनिटं, आणि ५३ सेकंदांत विमान पोचल्याचीही नोंद आहे. लोगनएअर कंपनीने १९६७ मध्ये ही सेवा सुरू केली. पर्यटक हौसेने बसतात, पण विमान खरं चालतं ते शिक्षक, रुग्ण आणि बेटकऱ्यांच्या रोजच्या कामांसाठी. पापा वेस्ट्रेवर शंभर माणसंही राहत नाहीत.

विमानतळांमधलं अंतर मोजतात ते पृथ्वीच्या गोलाईवरून. इथे गोलाईचा परिणाम किती? दोन टोकांमध्ये सरळ दोरी ताणली, तर मधोमध पृथ्वीचा फुगवटा तिच्यापेक्षा सुमारे १४ सेंटीमीटर वर येईल. दोरीच्या आणि वळणाच्या लांबीतला फरक तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग. म्हणजे गोलाई विसरली तरी चालेल. अक्षांश विसरून चालत नाही. दोन्ही धावपट्ट्या जवळपास एकाच अक्षांशावर, ५९ अंश उत्तरेच्या थोडं वर आहेत आणि त्यांच्या रेखांशात फरक आहे अंशाच्या विसाव्या भागाचा. विषुववृत्तावर एवढ्या फरकाचं अंतर साडेपाच किलोमीटर झालं असतं. ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांजवळ सरकतात, म्हणून इथे ते निम्म्यावर येतं.

राहिला वारा, आणि ऑर्कनीत त्याला तोटा नाही. या मार्गावरचं आयलँडर हे जेमतेम आठ-दहा आसनांचं, दोन पंख्यांचं विमान आहे. त्याचा हवेतला वेग ताशी २४० किलोमीटर धरू. वारा नसेल तर २.७ किलोमीटरला साधारण ४० सेकंद. आता पश्चिमेचा ताशी ६० किलोमीटरचा वारा सुटला असं समजा. पूर्वेला, पापा वेस्ट्रेकडे जाताना विमान जमिनीच्या हिशेबात ताशी ३०० ने धावेल आणि ३२ सेकंदांत पोचेल. परतताना वेग १८० वर येईल आणि ५४ सेकंद लागतील. जाताना वाचलं आणि येताना गेलं, हिशेब चुकता झाला, असं वाटेल. पण बेरीज ८६ सेकंदांची होते. वारा नसता तर ८१ सेकंदच लागले असते. पाठीवरचा वारा फक्त ३२ सेकंद मदतीला असतो, समोरचा मात्र ५४ सेकंद आडवा येतो.

आणि हे सगळं फक्त हवेतलं गणित. विमानाला उडायचं आणि उतरायचं असतं ते शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून. इतक्या छोट्या प्रवासात धावपट्टीच्या कुठल्या टोकाकडून निघायचं आणि वळसा केवढा घ्यायचा, यावरच घड्याळाचा बराचसा काटा फिरतो.