राष्ट्रीय उद्यानांतील ऐतिहासिक वास्तूंचा दुरुस्ती निधी (अमेरिका)

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातील किल्ले, स्मारके, प्राचीन वस्त्या आणि जुन्या इमारती यांच्या डागडुजीसाठी लागणारा सरकारी पैसा. २५ ऑगस्ट १९१६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेकडे आज चारशेहून अधिक स्थळे आहेत. राष्ट्रीय उद्यान म्हटले की जंगल आणि वन्यप्राणी आठवतात. पण यांतली कित्येक स्थळे केवळ इतिहासासाठी राखलेली आहेत. मेसा व्हर्दे हे उद्यान १९०६ साली राखले गेले तेच पुएब्लो या मूळ अमेरिकी लोकांच्या पूर्वजांनी कड्याच्या कपारीत बांधलेल्या घरांसाठी.

निधीचा मुख्य झरा म्हणजे काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षी मंजूर करते ती तरतूद. तिचा मोठा भाग पगारात आणि रोजच्या कामकाजात जातो. शिवाय २००४ च्या कायद्यानुसार प्रवेशशुल्कातला सहसा किमान ८० टक्के वाटा ते जिथे गोळा झाले तिथेच राहतो. एवढ्यात भागत नाही आणि दुरुस्त्या पुढे ढकलल्या जातात. गळके छप्पर एक वर्ष तसेच राहिले की पुढच्या वर्षी खालचे वासेही बदलावे लागतात. अशा थकलेल्या कामांचा हिशोब संस्था स्वतःच मांडते. २०१८ मध्ये हा आकडा १२ अब्ज डॉलरच्या घरात होता, २०२३ मध्ये तो २३ अब्जांच्या आसपास गेला. वाढीचा काही भाग मोजणीची पद्धत बदलल्याने आणि बांधकाम महागल्याने आला आहे.

पूर्वी मोठा पैसा आला नाही असे नाही. १९५६ ते १९६६ या काळात ‘मिशन ६६’ योजनेत सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाले, पण त्यांतून प्रामुख्याने रस्ते आणि नवी पर्यटक केंद्रे उभी राहिली. नव्या इमारतीचे उद्घाटन होते, भिंतीच्या दरजा भरल्याचे होत नाही, आणि निधीवाटपाची खरी अडचण इथेच आहे.

४ ऑगस्ट २०२० रोजी मंजूर झालेला ‘ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्ट’ म्हणूनच महत्त्वाचा. त्याने सरकारी जमिनी आणि समुद्रक्षेत्रातल्या तेल, वायू, कोळसा वगैरेंच्या उत्पन्नातून २०२१ ते २०२५ अशी पाच वर्षे दरवर्षी कमाल १ अब्ज ९० कोटी डॉलर बाजूला काढले. त्यांतले ७० टक्के पार्क सर्व्हिसला. निधीतली किमान ६५ टक्के रक्कम वाहतुकीखेरीजच्या कामांवर खर्चावी, अशी अटही घातली. ती नसती तर डांबरी रस्त्यांनीच बहुतेक पैसा खाल्ला असता.

खर्च का वाढतो हे फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज उद्यानातल्या फोर्ट जेफरसनवर नीट दिसते. १८४६ मध्ये काम सुरू झालेला हा जलदुर्ग कधीच पुरा झाला नाही, तरी त्यात सुमारे १ कोटी ६० लाख विटा आहेत. तोफांच्या झरोक्यांना बसवलेले लोखंड खाऱ्या हवेत गंजून फुगले आणि त्याने भोवतालच्या विटा बाहेर ढकलल्या. आता ते लोखंड काढून नव्याने विटा रचाव्या लागतात. घट्ट सिमेंट वापरून चालत नाही. ओल आत कोंडते आणि जुनी वीट पोपडे धरते. फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ या शहरापासून सुमारे ११० किलोमीटरवरच्या या बेटावर बांधकामाचे साहित्य समुद्रावरून न्यावे लागते.

देणग्यांचीही जोड मिळते. २०११ च्या भूकंपात वॉशिंग्टन स्मारकाला तडे गेले, तेव्हा उद्योजक डेव्हिड रुबेनस्टाइन यांनी ७५ लाख डॉलर दिले आणि सरकारने तेवढीच भर घातली. २०१४ मध्ये स्मारक पुन्हा उघडले. मात्र असा दाता प्रसिद्ध स्मारकालाच भेटतो; आडबाजूच्या बराकीला सरकारशिवाय वाली नाही.

भारतात रचना वेगळी आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जंगल राज्याच्या वनविभागाचे, तर कान्हेरी लेणी केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची. म्हणून बोरिवलीच्या फाटकावर एक तिकीट आणि लेण्यांपाशी दुसरे. लेण्यांच्या तिकिटाचा पैसा भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो, तो थेट कान्हेरीच्या डागडुजीला मिळत नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फत विशिष्ट वास्तूसाठी देणगी देता येते.