कुर्ला: शेवटचं स्टेशन ते अदलाबदलीचं जंक्शन

मुंबई लोकलच्या हार्बर मार्गावरून येऊन मेनची, म्हणजे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाची, फास्ट पकडायची, तर कुर्ल्याला पूल चढावाच लागतो. हार्बरचे सात-आठ नंबरचे फलाट पूर्वेला, मेनचे त्यांच्या पश्चिमेला, आणि जिन्यावर दोन्हीकडची माणसं समोरासमोर. या स्टेशनाचा आराखडा कुणी एका बैठकीत केलेला नाही. जसजसे मार्ग आले, तसतसे ते एकमेकांशेजारी टेकवले गेले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी कुर्ल्यावरूनच गेली. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल घेतली आणि तिची स्वदेशी मिल झाली. १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड हा गोदीच्या बाजूचा फाटा सुरू झाला, पण तो व्हीटीला (आताच्या सीएसएमटीला) जोडला जायला १९२५ उजाडलं. त्या वर्षी ३ फेब्रुवारीला देशातली पहिली विजेची गाडी हार्बरमार्गे व्हीटीहून कुर्ल्याला धावली: चार डबे, १५०० व्होल्ट डीसी (एकदिश वीजप्रवाह). दर दोन-चार मिनिटांनी थांबून पुन्हा वेग घ्यायचा, तर वाफेच्या इंजिनापेक्षा वीज केव्हाही सरस. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर एसी (प्रत्यावर्ती) वीजप्रवाहावर गेली, तेव्हा डीसीची अखेरची लोकलही कुर्ल्याहूनच सुटली.

खरी गर्दी वाढली ती १९९२ नंतर. मानखुर्दला थांबणारी हार्बर त्या वर्षी खाडी ओलांडून वाशीला पोहोचली, पुढे पनवेलपर्यंत गेली. नवी मुंबईहून दादर, ठाणे किंवा कल्याणकडे जाणाऱ्यांना कुर्ल्याला गाडी बदलणं सोयीचं ठरलं. पश्चिमेला वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) हे कचेऱ्यांचं केंद्र उभं राहिलं आणि सकाळी त्या बाजूच्या शेअर रिक्षांच्याही रांगा लागल्या.

मेनवरच्या स्लो गाड्या इथे थांबतातच, बहुतेक फास्टही थांबतात. कारशेड जवळच असल्याने काही स्लो लोकल कुर्ल्याहूनच सुटतात. खिडकीची जागा हवी असलेल्यांना त्या बरोबर ठाऊक असतात. पावसाळ्यात मात्र मिठी नदी जवळ आणि भाग सखल, त्यामुळे सायन-कुर्ला पट्ट्यात रुळांवर लवकर पाणी चढतं आणि घोषणा सुरू होतात.

लांबच्या गाडीला जाणाऱ्यांसाठी एवढंच: लोकमान्य टिळक टर्मिनसला अजूनही लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते या स्टेशनात नाही. सामान घेऊन चालायचं असेल, तर हार्बरवरचं टिळकनगर जवळ पडतं.